भिंत नसलेलं पाणी

इंदापूर-बारामतीकडची पोरं वर्षानुवर्षं विहिरीतच पोहायला शिकली. पाठीला पांगाऱ्याचं बिंडं नाहीतर वाळका भोपळा बांधायचा, तोही नसला तर तेलाचा रिकामा डबा. मग काका-मामांपैकी कुणीतरी मागून ढकलून द्यायचं. चार दिवस नाकातोंडात पाणी, पाचव्या दिवशी डबा सुटायचा. मीही असाच शिकलो. मुटका येतो, सूर येतो, तळातला खडा काढून आणता येतो. या शिकण्यातली खोट कळायला मात्र फार वर्षं गेली. विहिरीला चहूबाजूंनी भिंत असते. दम लागला की चार हात मारायचे आणि कपारीला धरायचं, एवढंच आपण शिकलेलो असतो.

उजनीला अशी कपार नाही. भीमेवरचं हे ११७ टीएमसीचं धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि तालुक्याच्या उत्तरेला आपला घरचा समुद्र तयार झाला. पलीकडे करमाळ्याचं कुगाव, अलीकडे इंदापूरचं कळाशी. गावं समोरासमोर दिसतात, पण रस्त्याने जायचं तर भला मोठा वळसा, म्हणून होडी. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेल्या होडीत सात जण होते. वादळी वारं सुटलं, लाटा आत आल्या, होडी उलटली. त्यातला एक पोलीस उपनिरीक्षक पोहत कळाशीच्या काठाला लागला. बाकीचे सहा जण, त्यात एक जोडपं आणि त्यांची दोन लहान लेकरं, बुडाले; त्यांचे देह तिसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या हाती लागले. त्याआधी एप्रिल २०१७ मध्ये अजोतीजवळ अकलूजच्या डॉक्टरांची होडी अशीच उलटली होती, चौघे गेले.

धरणाच्या पाण्यात लाटा कुठून येतात, असं लोक विचारतात. वाऱ्याला जितकं लांब मोकळं पाणी मिळतं तितकी लाट वाढते, आणि उजनीचा फुगवटा मैलोन्‌मैल मोकळा आहे. मे महिन्यात दुपार कलल्यावर वळवाचं वारं उठतं ते सांगून येत नाही. शिवाय इथल्या लाटा समुद्रासारख्या लांब-संथ नसतात, आखूड आणि उभ्या असतात. काठ खाली असलेल्या होडीत त्या थेट घुसतात. गोडं पाणी खाऱ्याहून हलकं असल्याने त्यात माणूस जरा जास्तच बुडतो, हेही आहे.

आता हीच आपली माणसं सुट्टीत मालवणला स्कूबा करायला जातात. घरच्यांना धास्ती असते ती पाण्याखालची. खरं तर पर्यटकांच्या स्कूबात खाली हरवणं जवळपास अशक्य. दोन-तीन पुरुष खोली, सिलिंडरला धरून शेजारी प्रशिक्षक, आणि पंधरा-वीस मिनिटांत वर. फार तर आमच्या मित्रासारखं होतं. रंगीत मासे बघून त्याने खुशीत अंगठा वर केला, आणि प्रशिक्षकाने त्याला सरळ पाण्याबाहेर आणलं. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘मला वर ने’. ‘झकास’ म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा.

धोका आहे तो होडीच्या जाण्यायेण्यात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी वीस पर्यटकांची होडी किनाऱ्याजवळ उलटली, दोघे दगावले. पाण्याखाली सगळे सुखरूप होते.

शिकलेल्या पाणबुड्यांची भीती वेगळी असते. वर यावं आणि होडीच नसावी. २५ जानेवारी १९९८ ला ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एका अमेरिकन जोडप्याला विसरून होडी परत गेली. डोकी मोजण्यात चूक झाली. दोन दिवसांनी होडीत त्यांच्या सामानाची पिशवी दिसली तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं. ते दोघे सापडलेच नाहीत. उलट जून २००८ मध्ये इंडोनेशियात कोमोडोजवळ प्रवाहाने ओढून नेलेले पाच जण वाचले. त्यांनी आपली जॅकेटं एकमेकांना बांधली आणि कुणी कुणाला सोडलं नाही. कित्येक तास वाहत ते रिंका बेटाला लागले, तिथे खडकावरचे शिंपले कच्चे खाल्ले, अंगावर येणाऱ्या अजस्र घोरपडींना दगड मारले. दोन दिवसांनी बोट आली.

असा प्रसंग आला तर आधी जॅकेटमध्ये हवा भरायची आणि कमरेला वजनासाठी बांधलेलं शिसं सोडून द्यायचं. मास्क काढायचा नाही, लाटेचं पाणी तोंडावर येतच राहतं. मग होडीच्या दिशेने हात मारण्याची जी ऊर्मी येते ती गिळायची. ताशी दोन किलोमीटरचा प्रवाहसुद्धा साहित्यानिशी फार वेळ कापता येत नाही, आणि दमलेला माणूस लवकर गार पडतो. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने अंगातली ऊब ओढतं, कोकणचं कोमट पाणीही. म्हणून गुडघे पोटाशी घ्यायचे, चार जण असतील तर घोळका करायचा. लाटांमध्ये माणसाचं डोकं वाहून आलेल्या नारळाएवढं दिसतं, घोळका जरा मोठा दिसतो. त्याहून मोठी दिसते ती नारिंगी फुगवायची नळी. म्हणून जाणते पाणबुडे ती आणि शिट्टी जवळ ठेवतात. खारं पाणी प्यायचं नाही. किनाऱ्यावर कुणी फोन लावू शकत असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला, तेव्हा हेच घडलं. २६१ जणांपैकी १८६ जिवंत निघाले. अंगात जॅकेट, एकमेकांचे हात धरलेले, खवळलेल्या समुद्रात तासन्‌तास, नौदलाची जहाजं येईपर्यंत.

मग कळाशीच्या होडीतला तो उपनिरीक्षक पोहत का सुटला? धरणाला काठ असतो आणि तो डोळ्यांना दिसत असतो, अंगात बळ असेल तर तिकडे जाण्यात अर्थ आहे. पण दीड-दोन वर्षांच्या लेकराला कसलं पोहणं? त्याच्यासाठी एकच गोष्ट कामाची, त्याच्या मापाचं जॅकेट. मोठ्याचं जॅकेट पाण्यात पडताच त्याच्या डोक्यावरून निघून जातं.

गेल्या खेपेला मालवणला होडीत चढताना मला मिळालेल्या जॅकेटचं खालचं बक्कल तुटलेलं होतं. होडीवाला म्हणाला, “काय होत नाय, साहेब.” मी दुसरं मागितलं. त्याला ते शोधायला पाच मिनिटं लागली, मागचे लोक कुरकुरले. तेवढ्या वेळात मी होडीतली डोकी मोजली. चौदा. परतताना पुन्हा मोजली.