लाळेतही असतो रक्तगट

रमजानमध्ये आमच्या दिग्रसच्या वर्गात एक प्रश्न ठरलेला असतो, ‘सर, थुंकी गिळली तर रोजा तुटतो का?’ आपल्या तोंडातली लाळ गिळल्याने रोजा तुटत नाही, एवढे सांगून आम्ही पूर्वी धड्याकडे वळत असू. आता जरा थांबतो, कारण त्या लाळेत सांगण्यासारखे बरेच आहे.

दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. त्यात जवळजवळ ९९ टक्के पाणी असते. उरलेल्यात बोटांमध्ये तार धरणारा जो चिकट पदार्थ असतो, तो म्युसिन. कानापुढच्या ग्रंथींची लाळ पातळ असते. म्युसिन येते ते मुख्यतः जबड्याखालच्या व जिभेखालच्या ग्रंथींतून. प्रथिनाचा लांब धागा आणि त्याला बाटली धुण्याच्या ब्रशसारख्या लटकलेल्या साखरेच्या साखळ्या, अशी त्याची रचना. या साखळ्या पाणी धरून ठेवतात, म्हणून घास घसरतो आणि दातांवर संरक्षक थर राहतो.

हे म्युसिन सर्वांचे सारखे नसते. पाचपैकी साधारण चौघांच्या लाळेत या साखळ्यांच्या टोकांवर त्यांच्या रक्तगटाची खूण असते. ‘ए’ आणि ‘बी’ या खुणा ‘एच’ नावाच्या पायावर उभ्या राहतात. ‘ओ’ गटात नुसता पाया असतो.

१९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांना अशी माणसे आढळली, ज्यांच्या रक्तात हा पायाच नव्हता. लाळेतही नव्हता. हाच ‘बॉम्बे’ रक्तगट. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाचा मानतात. काहींच्या रक्तात ‘एच’ दिसत नाही, पण लाळेत सापडतो. त्यांना पॅरा-बॉम्बे म्हणतात, आणि हा फरक ओळखायला प्रयोगशाळेत लाळ तपासतात.

साध्या चाचणीत बॉम्बे गट ‘ओ’ म्हणूनच दिसतो. मात्र या व्यक्तीला ‘ओ’ रक्त चालत नाही, बॉम्बेचेच लागते. रक्त चढवण्याआधीच्या जुळणीत बहुधा हे उघड होते, पण तोवर मध्यरात्र झालेली असते आणि रक्त शोधायला माणसे धावत असतात. शाळेच्या ओळखपत्रावर मुलांचे गट आम्हीच लिहितो, तेही घरून सांगतील तसे!

आईवडील दोघांकडून दोष आला तरच हा गट येतो. त्यामुळे चुलत-मावस नात्यातल्या निकाहांत त्याची शक्यता वाढते. शेजारच्या घरांत मामाच्या मुलीशी लग्न होते, तिथेही तेच. यात कुणाला बोल लावण्याचे कारण नाही. उलट घरात एक जण बॉम्बे गटाचा निघाला, तर सख्ख्या भावाबहिणींनी लगेच तपासून घ्यावे. प्रत्येकाचा गट तोच असण्याची शक्यता चारात एक असते, आणि वेळेला रक्त देणारे तेच असू शकतात.

बाळंतपण किंवा ऑपरेशन जवळ आले असेल आणि कार्डावर ‘ओ’ असेल, तर रक्तपेढीत एवढेच विचारावे: पेशींबरोबर सीरमही तपासले का, आणि तेही ‘ओ’ पेशींशी?