वरून कुरकुरीत, आतून कच्चे!

गेल्या नाताळातली गोष्ट. नांदगावचा दवाखाना दुपारी बंद करून मी मनमाडला एका जुन्या मित्राकडे जेवायला गेलो होतो. मित्र रेल्वेतून निवृत्त झालेला. त्याचा मुलगा बोटीवर स्वयंपाकी आहे, तो सुटीवर आला होता. त्याने चिनी पद्धतीने डुकराच्या पोटाकडचे मांस भाजले होते. कातडी सुरी लावताच पापडासारखी मोडली. चक्रीफूल आणि दालचिनीचा वास घरभर सुटला होता. पण काप पडला तेव्हा मधले मांस गुलाबी दिसले आणि त्यातून लालसर पाणी येत होते.

“अंकल, परदेशात असंच खातात,” मुलगा म्हणाला.

“खात असतील. तिथली डुकरं बंदिस्त जागेत वाढतात, मांस तपासून विकलं जातं. आपल्याकडचं मोकाट डुक्कर काय खातं, ते तुला ठाऊक आहे.”

मांस पुन्हा ओव्हनमध्ये गेले. जेवण तासभर लांबले. मित्र थोडा नाराज झाला. पण माझ्या डोळ्यांसमोर एक नऊ वर्षांची मुलगी होती.

काही वर्षांपूर्वी तिला शाळेत अचानक फिट आली होती. घरच्यांनी आधी बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे केले. दुसरी फिट आल्यावर माझ्याकडे आणले. मी नाशिकला पाठवले. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत एक लहानशी गाठ दिसली. ती डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या चपट्या जंताची अळी होती. आई रडत म्हणाली, “डॉक्टर, आमच्या घरात कधी अंडं शिजलं नाही. हा जंत आला कुठून?”

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराने समजून घ्यावे असे आहे.

डुकराच्या कच्च्या मांसात या जंताच्या अळ्या असू शकतात. असे मांस खाल्ले की माणसाच्या आतड्यात दोन-तीन मीटर, कधी त्याहूनही लांब जंत वाढतो. त्याचा फारसा त्रास होत नाही, म्हणून कित्येकांना पत्ताही लागत नाही. मात्र त्या माणसाच्या शौचातून जंताची असंख्य अंडी बाहेर पडतात. उघड्यावरची शौचाची घाण, नाल्याच्या पाण्यावरची भाजी, न धुतलेले हात यांतून ती दुसऱ्याच्या पोटात जातात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदूत पोचल्या की फिट येते. म्हणजे मेंदूतला हा आजार मांस खाऊन थेट होत नाही, अंडी पोटात गेल्याने होतो. मांस एकाने कच्चे खावे आणि फिट शेजारच्या शाकाहारी मुलीला यावी, असे हे चक्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे, हा जंत जिथे कायम आढळतो त्या देशांत अपस्माराचे सुमारे 30 टक्के रुग्ण या कारणाचे असतात.

मग हा पदार्थ करूच नये का?

जरूर करावा, पण आधी कुकर आणि मग ओव्हन. एक किलो मांसाचे मोठे तुकडे करून आले व मीठ घालून कुकरमध्ये पाण्यात शिजवा. शिट्टी झाल्यावर आच मंद करून वीस मिनिटे ठेवा. नंतर पुसून कोरडे करा. कातडीला टोचे मारून फक्त मीठ आणि व्हिनेगर चोळा. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, बडीशेप यांची पूड मांसाच्या बाजूला लावा. कातडीवर ती करपते. चिनी लोक यात एक झणझणीत मिरी घालतात. तिची बहीण आपल्या कोकणात आहे, तिरफळ! बी काढून तिची टरफले कुटून घाला. मग ओव्हनमध्ये कातडी फुलेपर्यंत भाजा. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर कातडी खाली ठेवून भाजा. आत कुठेही गुलाबी रंग राहता कामा नये. थर्मामीटर असेल तर मधोमध 71 अंश सेल्सिअस भरले पाहिजे.

आणखी काही सूचना :

• मांसात साबुदाण्यासारखे पांढरे दाणे दिसले तर ते घेऊ नका. दाणे दिसले नाहीत म्हणून मात्र निर्धास्त राहू नका.

• कच्च्या मांसाची सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नका.

• रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्याने अळ्या मरत नाहीत.

• या मांसाच्या 100 ग्रॅममध्ये निम्मी चरबी असते. हृदयविकार, मधुमेह असणाऱ्यांनी एखाद्या तुकड्यावर थांबावे. मोठा चमचाभर सोया सॉसमध्ये दोन ग्रॅमहून अधिक मीठ असते. दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम आहे. रक्तदाब असणाऱ्यांनी हा हिशेब ठेवावा.

• शौचात पांढरे चपटे तुकडे दिसले तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. मनाने जंताचे औषध घेऊ नका. मेंदूत गाठी असतील तर त्याने सूज वाढून फिट येऊ शकते.

• शौचानंतर व जेवणाआधी साबणाने हात धुवा. कोथिंबीर, मुळा, गाजर भरपूर पाण्याने धुऊनच खा. शाकाहारी घरांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

ती मुलगी आता बरी आहे. औषधांनी फिट थांबल्या आणि पुढच्या तपासणीत गाठही दिसली नाही. सगळ्यांचे नशीब इतके चांगले नसते. मनमाडचा तो मुलगा आता बोटीवरून फोन करतो, तेव्हा आधी सांगतो, “अंकल, कुकर लावला होता!”