गढूळ पाणी आणि थोडा धीर

दिवाळी तोंडावर आली की घरोघर स्वच्छतेचा संचार होतो. माळे उतरतात, डबे उन्हात पडतात आणि अखेर कुणाचे तरी लक्ष बैठकीच्या खोलीतील मत्स्यपेटीकडे जाते. पाणी जरा दुधट दिसते. झाले! मासे बादलीत, वाळू मोरीत आणि काच घासूनपुसून लख्ख! दोन दिवस पेटी आरशासारखी चमकते. मग पाणी पूर्वीपेक्षाही गढूळ होते आणि भाऊबीजेच्या सुमारास एखादा मासा पोट वर करून तरंगू लागतो. मुलांचे चेहरे उतरतात. वडील म्हणतात, “अहो, एवढे स्वच्छ केले तरी!” खरे म्हणजे, एवढे स्वच्छ केले म्हणूनच.

या कोड्याचा एक धागा लंडनमध्ये सापडतो. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात वाळू व चिखल घालून वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन गोल्डफिश सोडले. पुढे जुनी पाने कुजली, पाणी गढूळले, काचेवर हिरवा थर चढला. त्याने भांडे ओतून टाकले नाही. तळ्यातील काही गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी निवळले. हा प्रयोग त्याने १८५० साली तेथील केमिकल सोसायटीपुढे मांडला.

गोगलगाईंखेरीज आणखीही मदतनीस असतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया हे विष तयार होते. वाळूच्या कणाकणावर राहणारे सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइट व मग पुष्कळच सौम्य असे नायट्रेट करतात. ते वनस्पतींच्या पोषणाला लागते. ही वसाहत वसायला चार-सहा आठवडे लागतात. क्लोरीन असलेल्या नळाच्या पाण्याखाली वाळू चोळली की ती एका दुपारी उठते!

म्हणून पाया नीट घालावा. दोन-तीन मिलिमीटर जाडीची वाळू घ्यावी. तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर फेस आला तर तिच्यात चुनखडी आहे, ती नको. पेटीत घालण्यापूर्वी वाळू निथळ पाणी येईपर्यंत धुवावी. तळाशी चाळलेल्या, खत न घातलेल्या मातीचा इंचभर थर द्यावा. त्यावर दीड-दोन इंच वाळू पसरावी. मागे उंच, पुढे सखल. वर ताटली ठेवून तिच्यावर बारीक धारेने, क्लोरीन घालवलेले पाणी सोडावे, म्हणजे माती उसळत नाही. वॅलिस्नेरियाची मुळे वाळूत रोवावीत, पण पाने जेथून फुटतात तो भाग उघडा ठेवावा. मासे मागाहून, आणि थोडे थोडे सोडावेत.

एवढे करूनही पाणी गढूळले, तर आधी त्याचा रंग पाहावा. पहिल्याच दिवशीचा धूसरपणा धुळीचा असतो. तो आपोआप खाली बसतो. चार दिवसांनी आलेला दुधटपणा बहुधा पाण्यात माजलेल्या जंतूंचा. त्यावर उपाय म्हणजे मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य घालणे. हिरवे पाणी म्हणजे उजेड फार. पेटी खिडकीपासून दूर न्यावी व दिवा सहा-आठ तासच लावावा. चहासारखा रंग आत ठेवलेल्या लाकडाचा असेल, तर भिण्याचे कारण नाही.

पावसाळ्यात पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवण्याची आपली जुनी सवय येथे मात्र आवरावी. तुरटीने पाण्याची आम्लता वाढून मासे संकटात येतात, आणि कुजणारे खाद्य तळाशी तसेच राहते. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, अशातला हा प्रकार!

दिवाळीला पेटी साफ करावीच वाटली, तर चौथा हिस्सा पाणी काढावे. त्याच पाण्यात गाळणीचा स्पंज हलक्या हाताने पिळावा, काच साबणाशिवाय पुसावी आणि क्लोरीन घालवलेले पाणी भरावे. वाळूला हात लावू नये. आपण फराळाला बसलो तरी तेथील मंडळींचे काम चालूच असते. आणि हो, फराळातील शेव माशांना आवडेल, असे मुलांना वाटू देऊ नये!