लव्हाळा : सरीत वैरी, काठाला सोबती



लव्हाळा म्हटला की ऊसवाल्याच्या कपाळाला आठी पडते. खुरपून आठ दिवस होत नाहीत, तोच गडी पुन्हा उभा! म्हणून 'दिसेल तिथे उपटा' असेच आम्ही शेतकी खात्याची मंडळी सांगत आलो. त्यात आमची एक चूक झाली. एका शिवारात निचऱ्याच्या चराकाठचे सगळे पाणलव्हाळे आमच्या सांगण्यावरून निघाले. पुढच्या पावसाळ्यात काठ ढासळला, चर बुजला आणि लगतच्या उसात पाणी तुंबले.

तेव्हा आधी ओळख पटवावी. गवताचा दांडा गोल व पेरेदार असतो. लव्हाळ्याच्या कुळात तो बहुधा तीनधारी व बिनपेऱ्याचा. बोटात फिरवला की कळते. यातला सरीतला लव्हाळा म्हणजे नागरमोथा. तो जमिनीखाली गाठींची माळ करतो आणि वरून खुरपले तरी गाठीतून फुटतो. उन्हाळी नांगरटीत गाठी उन्हात वाळवणे हाच त्यावर जुना उपाय. पाणथळीतले देशी लव्हाळे मात्र बहुतेक ठोंबाने वाढतात आणि त्यांच्या मुळ्यांचे जाळे काठची माती धरून ठेवते. आतल्या पोकळ्यांतून मुळांना हवा मिळते, म्हणून चिखलातही ती कुजत नाहीत.

लावायचे कसे? आपल्याच ओढ्याकाठचा जोमदार ठोंब पावसाळ्याच्या तोंडी खणावा. मुळे धुऊन पाहावीत. गाठींची माळ निघाली तर ते रोप काठाला आणूच नये. तीन-चार फुटव्यांचे तुकडे करून पाण्याच्या रेषेलगत, ओल्या मातीत, फूटभर अंतराने लावावेत. शेंडे पाण्यात बुडू देऊ नयेत. चराच्या मध्यात एकही ठोंब ठेवू नये, नाहीतर पाणी अडेल. प्लॅस्टिकच्या कागदाच्या शेततळ्यात लावूच नये. मुळे कागदाला भोक पाडतात. मातीच्या तळ्याला व ओढ्याला मात्र चालते. दाट झाल्यावर दरसाल थोडा थोडा भाग कापावा, सगळा काठ एकदम उघडा करू नये.

महापुरात टिकणाऱ्याचा दाखला देताना तुकोबांना लव्हाळाच आठवला, तो उगाच नव्हे.

ओळखीत शंका वाटली तर मुळासकट एक ठोंब गट ऑफिसला आणावा. आम्ही पाहून सांगू. पण विचारल्याशिवाय काठ उघडा करू नका.