मंडपातील प्रखर दिवे आणि आगीचा धोका

उत्तर प्रदेशातील भदोही जिल्ह्यात नरथुआ गावी २ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री दुर्गापूजेच्या मंडपाला आग लागली. गुहेसारखा उभारलेला हा मंडप आरतीच्या वेळी भाविकांनी भरला होता. मृतांमध्ये लहान मुलांचाही समावेश होता. हॅलोजन दिवा अति तापल्याने आग लागल्याचे प्राथमिक तपासात आढळले. उत्सव, विवाह आणि स्नेहसंमेलने यांसाठी देशभर तात्पुरते मंडप उभारले जातात. म्हणूनच प्रकाशयोजनेचे नियम समजून घेणे आवश्यक ठरते.

दिवा इतका का तापतो?

हॅलोजन दिव्यातील टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापते. खर्च होणाऱ्या विजेच्या अल्प भागाचेच दृश्य प्रकाशात रूपांतर होते, उर्वरित ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. दिव्याच्या आतील काचनळीचे तापमान सुमारे २५० अंशांच्या वर राहिले, तरच आतील हॅलोजन वायूचे कार्य सुरळीत चालते. त्यामुळे दिवा बंद केल्यावरही काही काळ तो तप्त राहतो. जवळ आलेले सुती कापड करपून पेट घेते; कृत्रिम धाग्यांचे कापड वितळते आणि त्याचे जळते थेंब खाली पडतात.

नियम काय सांगतात?

तात्पुरत्या मंडपांच्या अग्निसुरक्षेसाठी भारतीय मानक ब्यूरोची ‘आयएस ८७५८’ ही संहिता आहे. ती आणि अग्निशमन दलांच्या सूचना यांचा गाभा असा :

• दिवे व वीजवाहिन्या सजावटीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर असाव्यात. रंगमंचावरील प्रखर दिव्यांच्या समोर याहून बरेच अधिक अंतर लागते. उत्पादकाने दिव्यावर नोंदविलेले अंतर पाळावे.
• मंडपात हॅलोजन दिवे टाळावेत आणि कृत्रिम कापड वापरू नये.
• वायरी पिळून व चिकटपट्टी लावून जोडू नयेत. पोर्सिलेनचे कनेक्टर वापरावेत.
• मंडप विद्युत तारांखाली उभारू नये.

वीजभाराचे गणितही महत्त्वाचे आहे. एक हजार वॅटचे दहा दिवे २३० व्होल्टवर सुमारे ४३ अँपिअर प्रवाह घेतात. बारीक वायरीवर हा भार टाकल्यास दिव्याआधी वायरच पेटू शकते. म्हणून जोडणी परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.

एलईडी दिव्यांमुळे उष्णतेचा धोका बराच कमी होतो. तथापि सदोष जोडणी आणि ज्वलनशील कापड यांचा धोका कायम राहतो.

बाहेर पडण्याचे मार्ग

हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या वार्षिक समारंभात लागलेल्या आगीत चारशेहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यांत विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. मंडप काही क्षणांत पेटतो, हे लक्षात घेऊन बाहेर पडण्याचे एकाहून अधिक रुंद मार्ग मोकळे ठेवावेत. मुख्य वीजकळ सहज हाती येईल अशा जागी असावी, आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिच्याजवळ जबाबदार व्यक्ती नेमावी.