मऊपणाचा पातळ लेप

मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत ड्रायरमध्ये वाळवलेल्या कपड्यांच्या मऊपणाचा विषय येऊन बसलेला पाहून काही डॉक्टर वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु मानपूर, महू, इंदूर या पट्ट्यातील मराठी घरांची आजची स्थिती पाहिली, तर हा विषय आपल्या दारापर्यंत केव्हाच आला आहे. मुलीच्या वा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत जाणारी मंडळी तेथून फोनवर जे प्रश्न विचारतात, त्यांत बाळाच्या अंगावरील पुरळाचा प्रश्न हमखास असतो. आपण दूध, साबण, तेल, हवामान यांची चौकशी करतो. कपडे कशात वाळवता आणि वाळवताना त्यांत काय टाकता, हे मात्र क्वचितच विचारतो. इकडे पावसाळ्यात चादरी वाळेनात म्हणून आपल्याकडील काही शुश्रूषागृहांनीही ड्रायर घेतले आहेत. तेव्हा यंत्रात मऊपणासाठी घालावयाचे द्रव्य निवडावे कसे, आणि मुळात निवडावे का, याचा विचार वैद्यकीय दृष्टीने व्हायला हवा.

वास्तविक मऊ कपड्याचे अप्रूप आपल्याला अलीकडचे. आपल्या घरांत धोतराला, लुगड्याला खळ घालत, पांढऱ्या कपड्याला नीळ देत, आणि कडक इस्त्रीचा पांढरा कोट ही तर डॉक्टरची ओळखच होती. मऊपणा हवा असे तो फक्त बाळाला. त्यासाठी आजीच्या जुन्या सुती लुगड्याची दुपटी आणि लंगोट शिवले जात. शेकडो धुण्यांनी आलेला तो मऊपणा कोणत्याही बाटलीतून येत नाही. पावसाळ्यात हेच लंगोट शेगडीवर पालथ्या घातलेल्या टोपलीवर वाळत. आपल्याकडचा पहिला ड्रायर कोणता, असे कोणी विचारले तर मी त्या टोपलीकडे बोट दाखवीन.

बाजारात मिळणाऱ्या मऊ करणाऱ्या द्रव्यांचे मर्म समजण्यासाठी रसायनशास्त्राचा थोडा आधार घ्यावा लागतो. पण तो आपल्याला अपरिचित नाही. गेरहार्ड डोमाक यांनी १९३५ साली बेंझाल्कोनियम क्लोराइडचे जंतुनाशक गुण प्रसिद्ध केले. ते द्रव्य आणि आपल्या ड्रेसिंगच्या ट्रेमधील सेट्रिमाइड ज्या क्वाटर्नरी अमोनियम कुळातले, त्याच कुळातील एक शाखा कपडे मऊ करते. फरक एवढाच, की या शाखेच्या रेणूला बहुधा स्निग्धाम्लाच्या दोन लांब शेपट्या असतात. सुती धागा पाण्यात ऋणप्रभारित होतो. रेणूचे धनप्रभारित डोके त्याला चिकटते आणि तेलकट शेपट्या बाहेरच्या बाजूस राहतात. धाग्यावर धागा सहज घसरू लागतो आणि हाताला कापड मऊ लागते. म्हणजे मऊपणा हा धाग्याचा गुण नव्हे; धाग्यावर बसलेला तो स्निग्ध पदार्थाचा अत्यंत पातळ लेप आहे. पुढचे सारे विवेचन या एका वाक्यातून निघते. ज्या कापडावर असा लेप बसलेला चालेल तेथे हे द्रव्य वापरावे, जेथे चालणार नाही तेथे वापरू नये.

सेट्रिमाइडच्या द्रावणात साबण मिसळला तर त्याचा गुण जातो, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकलो. तोच नियम येथे लागू पडतो. द्रवरूप सॉफ्टनर धुण्याच्या पावडरीबरोबर टाकला तर दोघे एकमेकांना निकामी करतात. म्हणून तो शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यातच घालायचा. १९६० च्या दशकापर्यंत अमेरिकन गृहिणीला त्यासाठी यंत्राजवळ ताटकळत राहावे लागे, किंवा नेमक्या वेळी धावत यावे लागे. कॉनराड गेसर या अमेरिकन गृहस्थाने त्यावर तोड काढली. सॉफ्टनर लावलेले कापडाचे तुकडे ड्रायरमध्येच टाकावयाचे, म्हणजे उष्णतेने द्रव्य सुटून फिरणाऱ्या कपड्यांना लागते. त्याला १९६९ मध्ये एकस्व मिळाले. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीने हीच कल्पना घेऊन १९७० च्या दशकात ‘बाउन्स’ बाजारात आणले. आज ‘ड्रायर शीट’ म्हणून जे हलके, सुवासिक, चौकोनी तुकडे मिळतात ते याच कुळातले. न विणलेल्या पॉलिएस्टरवर मेणासारखा थर, आणि एका फेरीनंतर तुकडा टाकून द्यायचा.

येथे आपल्याकडील एका शब्दाने होणारा घोटाळा सांगितला पाहिजे. आपल्या बऱ्याच घरांत ‘ड्रायर’ म्हणजे अर्धस्वयंचलित यंत्राचा दुसरा, छोटा पिंप. तो कपडे नुसते गरगरा फिरवून पिळतो, त्यात उष्णता मुळीच नसते. परदेशातून कोणी प्रेमाने आणलेली ड्रायर शीट त्यात टाकली तर मेण वितळणारच नाही, आणि ओल्या कपड्यांना फक्त वास लागेल. ज्यांच्याकडे असे यंत्र आहे त्यांनी निवड करायचीच तर द्रवरूप सॉफ्टनरची करावी, आणि तीही झाकणभर मापाने, पाण्यात मिसळून. कपड्यावर थेट ओतल्यास तेलकट डाग पडतात.

मग खऱ्या, गरम हवेच्या ड्रायरमध्ये शीट टाकण्याचा लाभ काय? मऊपणापेक्षाही तो स्थितिक विद्युत आवरण्याचा आहे. सर्वसाधारण दमट हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवते, लोकर १६ टक्क्यांच्या आसपास. पॉलिएस्टर मात्र अर्धा टक्काही नाही. ओलावा असला की प्रभार वाहून जातो, नसला की साचतो. म्हणून कोरड्या हवेत पॉलिएस्टरची साडी पायांना चिकटते आणि स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात. माळव्यातील हिवाळ्याच्या कोरड्या रात्री हा अनुभव आपणा सर्वांचाच आहे. घर तापवून राहणाऱ्या शिकागोकरांना तो जवळजवळ सहा महिने येतो.

आपल्यातील ज्येष्ठ भूलतज्ज्ञांना ईथरचा जमाना आठवत असेल. शस्त्रक्रियागृहात नायलॉनचे कपडे निषिद्ध होते, विद्युतवाहक फरशी आणि खास रबरी पादत्राणे वापरावी लागत. कारण एका ठिणगीने स्फोट होण्याची भीती होती. घरच्या ड्रायरमधील ठिणगी तितकी भयंकर नाही; तिच्यावरचा उपायही बिनखर्चाचा आहे. पॉलिएस्टर आणि सुती कपडे वेगळे वाळवावेत, पॉलिएस्टर लवकर काढून घ्यावे आणि सुती कपडे अगदी कोरडेठाक होण्यापूर्वी, किंचित ओल असतानाच यंत्र थांबवावे. एवढे केले तर शीटची अर्धी गरज संपते, असे माझे मत आहे.

आता जेथे हा लेप नको ते पाहू. प्रथम टॉवेल आणि पंचे. ज्या वस्तूचे काम पाणी टिपण्याचे, तिच्यावर स्निग्ध थर बसवणे हे अंगण सारवून वर तेल शिंपडण्यासारखे आहे. दरवेळी सॉफ्टनर वापरलेला टॉवेल हाताला लोण्यासारखा लागतो आणि अंगावरचे पाणी इकडून तिकडे फिरवत राहतो. बाळाच्या लंगोटांनाही तोच न्याय. ओल टिपली गेली नाही तर ती त्वचेपाशी राहते आणि मांड्यांच्या घड्यांत पुरळ उठते. रुग्णालयात तर शस्त्रक्रियेचे टॉवेल, पुसण्याचे कपडे, मायक्रोफायबरचे पोछे यांच्या वाटेला सॉफ्टनर जाऊच देऊ नये. क्वाटर्नरी अमोनियम म्हणजे जंतुनाशक, तेव्हा सॉफ्टनरने कपडे निर्जंतुकही होतील, असा तर्क कोणी लढवल्यास तो तेथल्या तेथे खोडून काढावा. ड्रायरचा आरोग्याला उपयोग असेल तर तो उष्णतेचा आहे. खरजेच्या रुग्णाची अंथरुणे-पांघरुणे ५० अंश सेल्सिअसच्या वर दहा मिनिटे राहिली की किडे आणि अंडी मरतात. त्यात शीटचा काडीचाही वाटा नाही.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. अमेरिकेत लहान मुलांचे रात्रीचे कपडे सहज पेट घेऊ नयेत असा कायदा १९७० च्या दशकापासून आहे, आणि त्यासाठी काही कपड्यांवर अग्निरोधक प्रक्रिया केलेली असते. त्यांवर सॉफ्टनरचा थर बसला तर हा गुण उणावतो. अशा कपड्यांसाठी आपले द्रव्य वापरू नये, अशी सूचना सॉफ्टनरच्या पुड्यांवर छापलेली असते, पण ती वाचतो कोण? नातवाचा मऊ पायजमा हातात घेऊन गालाला लावणाऱ्या आजीला ही गोष्ट कोणीतरी सांगायला हवी, आणि आपल्याखेरीज ते सांगणार तरी कोण? ड्रायरच्या आगीचा धोका वेगळाच. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजाप्रमाणे २००८ ते २०१० या काळात तेथील निवासी इमारतींत वर्षाला सुमारे २,९०० आगी ड्रायरमुळे लागल्या, आणि यंत्राची सफाई न करणे हे त्यांचे सर्वांत मोठे कारण होते. शीटमधील मेणाचा पापुद्रा तंतू अडवणाऱ्या जाळीवरही बसतो. म्हणून जाळीवरचा भुगा दर फेरीनंतर काढावाच. शीट वापरणाऱ्यांनी अधूनमधून जाळी साबण आणि ब्रशने धुवावी. नळाखाली धरल्यावर जाळीवर पाणी साचून राहिले, तर थर बसला आहे असे समजावे.

त्वचेकडे वळू. सॉफ्टनरचा दोष बहुधा मूळ द्रव्यात नसून त्याच्या वासात असतो. मऊ केलेल्या कापडाने त्वचेवरचे घर्षण कमी होते, असे काही युरोपीय अभ्यासांत आढळलेही आहे. परंतु लिनालूल, लिमोनीन यांसारखी सुगंधद्रव्ये हवेशी संयोग पावून ॲलर्जी निर्माण करू शकतात. युरोपीय संघाने २००५ पासून अशा २६ सुगंधद्रव्यांची नावे, ठराविक प्रमाणापलीकडे असल्यास, धुण्याच्या पदार्थांच्या वेष्टनावर देणे बंधनकारक केले. कॅलिफोर्नियातही २०१७ च्या कायद्याने घटक उघड करण्याची सक्ती आली. खरेदी करताना एक बारकावा ध्यानात ठेवावा. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या पदार्थात मूळ वास झाकण्यासाठी दुसरे सुगंधद्रव्य असू शकते. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ म्हणजे मात्र सुगंधद्रव्य घातलेलेच नाही. इसब किंवा दमा असलेल्या घरात सॉफ्टनर घ्यायचाच झाला तर दुसऱ्या प्रकारचा घ्यावा. २०११ साली अमेरिकेत झालेल्या एका छोट्या अभ्यासात सुगंधी पावडर व शीट वापरल्यावर ड्रायरच्या धुराड्यातून येणाऱ्या हवेत २५ हून अधिक बाष्पशील रसायने सापडली. त्यांत ॲसिटाल्डिहाइड आणि बेंझीनही होते. अभ्यास मोजक्या घरांपुरता असल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, पण त्या धुराड्याखाली बाळाची गाडी उभी करू नये, एवढे तारतम्य बाळगावे.

रोगनिदानासाठी एक खूण उपयोगी पडते. कपड्यामुळे उठलेले पुरळ जेथे कापड घासते तेथे असते – मानेभोवती, कमरेच्या पट्ट्यावर, काखेच्या कडांना. काखेचा खोलगट भाग बहुधा सुटतो. तोच भाग लाल असेल तर संशय दुर्गंधनाशकावर घ्यावा. फोनवर छायाचित्र पाहूनसुद्धा एवढा भेद करता येतो.

शाकाहारी घरांसाठी आणखी एक मुद्दा. या द्रव्यातील स्निग्ध शेपट्या पूर्वी प्रामुख्याने गाईगुरांच्या चरबीपासून बनवत. जुन्या यादीत ‘टॅलो’ हा शब्द दिसतो तो तिचाच. १९९० च्या दशकात युरोपात जुनी द्रव्ये निसर्गात लवकर विघटित होत नाहीत म्हणून मागे पडली आणि ‘एस्टरक्वॅट’ नावाची नवी पिढी आली. तिच्यात वनस्पतिज तेलेही वापरतात, पण दरवेळी वापरतातच असे नाही, आणि वेष्टनावर ते स्पष्ट असेलच असेही नाही. देवपूजेचा मुकटा सुदैवाने ड्रायरमध्ये जात नाही. पण उपरणे, पंचे आणि नऊवारी सुती लुगडी जातात. ज्यांना हे रुचणार नाही त्यांनी वनस्पतिज असल्याची स्पष्ट ग्वाही असलेलेच उत्पादन घ्यावे.

पर्याय दोन-तीन आहेत. लोकरीचे चेंडू कपड्यांमध्ये फिरून घड्या सोडवतात, हवा खेळती ठेवतात आणि कुठलाही लेप मागे ठेवत नाहीत. ठिणग्यांवर त्यांचा प्रभाव बेताचाच, ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घातल्यास साबणाचा अंश आणि क्षार निघतात. आपल्या काळ्या दगडातून येणाऱ्या बोअरच्या जड पाण्याला हा उपाय विशेष लागू पडतो, कारण आपल्याकडे कपडे राठ होण्यात त्या क्षारांचा मोठा हात असतो. मात्र व्हिनेगर ब्लीचिंगच्या द्रावणात कधीही मिसळू नये. क्लोरीन वायू सुटतो. दोरीवर वाळवलेला टॉवेल काठीसारखा का होतो, याचा उलगडा जपानी संशोधकांनी २०२० मध्ये केला. धाग्यांच्या पृष्ठभागावर उरलेले थोडेसे पाणी शेजारच्या तंतूंना एकमेकांशी जोडून ठेवते. म्हणूनच असा टॉवेल दोन्ही हातांनी जोरात झटकला, चुरगाळला की बराच मऊ होतो. मानपूरचा घाट उतरून निमाडात गेले की उन्हाळ्यात चादर तासाभरात वाळते, तेथे तर एवढा झटका पुरे.

टॉवेलवर लेप साचला आहे की नाही, याची परीक्षा सोपी आहे. कोरड्या टॉवेलवर पाण्याचा एक थेंब सोडावा. तो लगेच आत शिरला तर ठीक. मोत्यासारखा वर बसून राहिला तर तो टॉवेल दोन-तीन वेळा सॉफ्टनरविना, गरम पाण्यात आणि नेहमीच्या पावडरीने धुवावा, आणि थेंब पुन्हा सोडून पाहावा.