पेट्रोलला ओढायचं की ढकलायचं?

मेढ्याहून केळघर घाटाला लागलं की गाडीबरोबर तिच्या पोटातलं पेट्रोलही चढ चढू लागतं. टाकी मागे, इंजिन पुढे. म्हणजे चढावर टाकी खाली आणि इंजिन वर. पेट्रोल वर न्यायचं कसं, या प्रश्नानं इंजिनीअरांना बरीच वर्षं कामाला लावलं.

सगळ्यात जुना उपाय फुकटातला. टाकी उंचावर ठेवा, पेट्रोल आपसूक उतरेल. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये टाकी सीटखाली असे आणि पंप नसेच. सपाटीला झकास! पण उभा चढ आला आणि टाकीत थोडंच उरलेलं असलं, की इंजिन उपाशी. मग लोक गाडी फिरवायचे आणि रिव्हर्समध्ये चढ चढायचे.

आपल्या बजाज चेतकलाही पंप नव्हता, होता तो कॉक. त्यातलं ‘रिझर्व’ म्हणजे वेगळी टाकी, असं अनेकांना वाटे. प्रत्यक्षात टाकी एकच, पेट्रोल घ्यायची तोंडं दोन: एक जरा उंचावर, एक तळाशी. आणि किक मारण्याआधी स्कूटर आडवी करण्याचा तो विधी? कार्बुरेटरमधलं जादा पेट्रोल आत सांडे आणि थंड इंजिनाला दाट मिश्रण मिळे. अंधश्रद्धा वाटली तरी शास्त्र पक्कं होतं.

घाटातली खरी गंमत मात्र फियाटची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि मग पद्मिनी बाहेर पडल्या. त्यांचा पंप इंजिनाला चिकटलेला. इंजिन फिरलं की आतला पडदा वर-खाली होई आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेई. गोम या ओढण्यातच होती. पेट्रोलमधले हलके घटक चाळिसेक अंशांच्या आसपासच उकळू लागतात. ओढलं की नळीतला दाब घटतो, ते आणखी लवकर उकळतात. वर एप्रिल-मेचं ऊन, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तापलेलं इंजिन आणि उंचीवरची विरळ हवा. नळीत बुडबुडे झाले की पंप इमानेइतबारे हलत राही, पण पेट्रोलऐवजी वाफच दाबत बसे. गाडी आचके देऊन बंद! मग बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं, मुलांना करवंदं खायला पाठवायचं. पंप निवला की गाडी निमूट सुरू.

आता फडक्याची गरज उरली नाही, कारण पेट्रोलला कुणी ओढत नाही, मागून ढकलतात. विजेवर चालणारा पंप थेट टाकीत, पेट्रोलात बुडवलेला असतो. चावी फिरवल्यावर मागून येणारा बारीक ‘सूंऽऽ’ आवाज त्याचाच. नेहमीच्या पेट्रोल गाडीत तो तीन-चार बारचा दाब देतो, टायरमधल्या हवेच्या साधारण दीडपट. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. पण पेट्रोलात वीज सोडायची आणि भडका उडत नाही? नाही. टाकीतली वाफ इतकी दाट असते की पेटायला पुरेशी हवाच मिळत नाही. उलट पेट्रोल त्या पंपाला थंड ठेवतं. काटा कायम तळाशी ठेवून फिरणारे पैसे वाचवत नाहीत, पंप भाजतात.

पुढचं काम इंजेक्टरचं. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर एकेक इंजेक्टर सेकंदाला पंचवीस वेळा पिचकारी मारतो. किती मारायची, हे कॉम्प्युटर हवा मोजून ठरवतो. महाबळेश्वरची हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण बारा टक्के विरळ. कार्बुरेटरला हे कळत नसे. वर पोहोचेपर्यंत गाडी काळा धूर सोडू लागे.

डिझेलचा तर मामलाच वेगळा. कॉमन रेल इंजिनात दाब दोन हजार बारपर्यंत जातो, म्हणजे नखाएवढ्या जागेवर दोन टन वजन. तिथली गळती बोटानं चाचपू नये. धार कातडीत घुसते. जुन्या डिझेल इंजिनाचं दुखणं साधं होतं: टाकी रिकामी झाली की पाइपात ‘हवा घेतली’. विहिरीवरचं इंजिन असो वा ट्रॅक्टर, फिल्टरचा नट सैल करायचा, हातपंप मारायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे. सलग धार लागली की नट आवळायचा. रस्त्याकडेला डिझेलनं माखलेले हात दिसले की समजावं, ड्रायव्हरनं काट्याकडे बघितलं नव्हतं.

आणि हल्ली टाकीत नुसतं पेट्रोल तरी कुठे असतं? ई-ट्वेंटीमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल. त्यातलं काही सातारा-सांगलीच्या उसाचं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. ते पाणी शोषतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. घरात एखादी जुनी पद्मिनी जपून ठेवली असेल, तर पॉलिशआधी तिचे पेट्रोल पाइप बदला.